आफेत इनान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफेत इनान म्हणजे नेमक्या कोण?

तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाने घडवलेल्या पहिल्या इतिहासकार-प्राध्यापिकांपैकी एक. जन्म १९०८, मृत्यू ८ जून १९८५, अंकारा. शाळाशिक्षिका म्हणून सुरुवात केली, प्रजासत्ताकाचे संस्थापक आणि पहिले राष्ट्राध्यक्ष केमाल अतातुर्क (मुस्तफा केमाल पाशा) यांच्या मानसकन्या झाल्या, तुर्की इतिहास संस्थेच्या संस्थापकांत बसल्या, जिनिव्हात डॉक्टरेट मिळवली आणि अंकाराच्या भाषा-इतिहास-भूगोल विद्याशाखेत १९५० साली प्राध्यापक झाल्या. मराठी वाचकाला केमाल पाशा ठाऊक असतात, खिलाफत चळवळीच्या धड्यातून तरी. त्याच काळात अंकारात इतिहास कसा लिहिला जात होता, कोण लिहीत होते आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे समजून घ्यायचे तर आफेत इनान यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

त्यांच्याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एका बाजूला त्या स्त्रीमुक्तीच्या अग्रणी, दुसऱ्या बाजूला सत्तेने पुढे केलेले एक नाव. ही दोन्ही मते त्यांची पुस्तके न उघडता तयार होतात. पुस्तके उघडली की तीन वेगळ्या आफेत भेटतात : सरकारी सिद्धांत मांडणाऱ्या, वर्गात शिकवणाऱ्या आणि कागद जपून ठेवणाऱ्या. यातल्या तिसऱ्या आफेतचे मोल सर्वांत जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच.

नावाचा उच्चार कसा? आणि ‘आफेत’ म्हणजे आपली ‘आफत’च का?

उच्चार ‘आफेत इनान’. आणि हो, शब्द तोच आहे. अरबीतून तो तुर्कीत ‘आफेत’ झाला आणि फारसीच्या वाटेने मराठीत ‘आफत’. तुर्कीतही त्याचा पहिला अर्थ संकट, आपत्ती असाच आहे. भूकंपानंतर मदतीला धावणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नावातही हाच शब्द आहे. पण जिच्या रूपाने माणसाचे भान हरपावे अशी सुंदर स्त्री, हाही त्याचा तुर्की अर्थ आहे. मुलीला हे नाव ठेवतात ते या दुसऱ्या अर्थाने. ‘इनान’ म्हणजे ‘विश्वास ठेव’.

तुर्की मजकूर वाचताना असे ओळखीचे शब्द सारखे भेटतात, आणि तेच फसवतात. ‘तारिह’ म्हणजे आपली तारीख, पण तुर्कीत इतिहासही. ‘देवलेत’ म्हणजे राज्यसंस्था. शिवकालीन पत्रांतली ‘दौलत’ याच अर्थाच्या जवळ आहे, आजच्या मराठीतली मात्र नाही. ‘वातानदाश’ म्हणजे नागरिक. त्यातले ‘वतन’ देशमुखी-पाटीलकीचे नव्हे, मायभूमीचे. ‘हक’ तेवढा सरळ हक्क.

त्यांचा जन्म आजच्या तुर्कस्तानात झाला का?

नाही. उस्मानी साम्राज्याच्या सेलानिक प्रांतात, आज ग्रीसमध्ये असलेल्या भागात. वडील इस्माईल हक्की वनखात्यात नोकरीला होते. बाल्कन युद्धांनंतर (१९१२–१३) त्या भागातली असंख्य मुस्लिम कुटुंबे अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, आली, त्यात हेही होते. वडिलांच्या बदल्यांमुळे शाळा गावोगाव बदलल्या आणि आई लवकर गेली. १९२५ साली बुर्साच्या मुलींच्या अध्यापक विद्यालयातून त्या बाहेर पडल्या आणि इझमीरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. वय सतरा.

हा तपशील पुढच्या सगळ्याला लागतो. घरदार हरवून आलेल्या पिढीला ‘अनातोलिया आपलीच, अगदी प्राचीन काळापासून’ हे वाक्य फक्त राजकारणाचे नव्हते, ते पायाखालची जमीन होते.

अतातुर्कांशी भेट कशी झाली? दत्तक घेतले होते का?

ऑक्टोबर १९२५ मध्ये मुस्तफा केमाल इझमीरला आले होते, तेव्हा शिक्षकांच्या भेटीत ही तरुणी त्यांच्यापुढे आली. तेही मूळचे सेलानिकचे. आफेत यांच्या आईचे घराणे त्यांच्या माहितीतले निघाले. पुढे काय शिकायचे आहे, या प्रश्नाला परकी भाषा असे उत्तर मिळाले आणि त्याच वर्षी त्यांना फ्रेंच शिकण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला पाठवण्यात आले. १९२७ मध्ये परतल्यावर इस्तंबूलच्या नोत्र दाम द सिओं या फ्रेंच मुलींच्या शाळेत पुढचे शिक्षण झाले.

तुर्कीत त्यांच्यासाठी वापरतात तो शब्द ‘मानेवी कझ’, म्हणजे अक्षरशः मानसकन्या. वारसाहक्काच्या दत्तकविधानाशी त्याची गल्लत करू नये. अशा मानसकन्या आणखीही होत्या; त्यातल्या सबिहा ग्योकचेन वैमानिक म्हणून जगप्रसिद्ध झाल्या.

यातून मिळणारा फायदा उघड आहे आणि तो लपवायचे कारण नाही. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही शिक्षिकेला राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालयात बसून काम करता आले नसते. पण किंमतही होती. जे काही लिहिले ते ‘तुमचे की त्यांचे?’ हा प्रश्न आयुष्यभर मागे लागला. त्यांच्या काही कामाबाबत तो रास्तही आहे.

तुर्की इतिहास सिद्धांताची सुरुवात एका शाळेच्या पुस्तकातून झाली, हे खरे का?

आफेत यांनीच तसे लिहून ठेवले आहे. १९२८ साली फ्रेंच शाळेत शिकताना भूगोलाच्या एका फ्रेंच पुस्तकात तुर्क पीतवर्णी वंशाचे, दुय्यम दर्जाचे लोक आहेत असे त्यांना आढळले. ते पान त्यांनी अतातुर्कांना दाखवून विचारले, हे असेच आहे का? असे असू शकत नाही, यावर काम करू या, तू काम कर, अशा आशयाचे उत्तर आले.

प्रसंग घडला असेलच, पण एका पानामुळे एवढी मोठी यंत्रणा हलली असे मानू नये. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आले, १९२४ मध्ये खिलाफत गेली, १ नोव्हेंबर १९२८ ला अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपीचा कायदा झाला. उस्मानी आणि इस्लामी वारसा मागे टाकला तर मागे कोणता भूतकाळ उरतो, हा प्रश्न आधीच दारात उभा होता. पुस्तकातल्या त्या पानाने त्याला तोंड फोडले.

मग सिद्धांत नेमका काय होता, आणि त्यात चूक काय?

थोडक्यात असा : मध्य आशियात तुर्कांनी प्राचीन संस्कृती उभी केली, तिथले अंतर्गत समुद्र आटले, दुष्काळ पडला, लोक चहूकडे पांगले आणि जिथे गेले तिथे संस्कृती घेऊन गेले. त्यामुळे मेसोपोटेमियातले सुमेरी आणि प्राचीन अनातोलियातले हिटाइट हे मूळचे तुर्कच, आणि अनातोलिया ही तुर्कांची हजारो वर्षांची भूमी.

१९३० साली हे सारे ‘तुर्क तारिहिनिन आना हातलारी’ (तुर्की इतिहासाची मुख्य सूत्रे) या सुमारे सहाशे पानांच्या ग्रंथात आले. लेखकमंडळात आफेत होत्या. हा ग्रंथ जाणकारांच्या अभिप्रायासाठी फक्त १०० प्रती छापला होता आणि त्यावर टीका आली. तरी १९३१ मध्ये त्याच्या प्रस्तावनेच्या भागाची स्वतंत्र पुस्तिका ३०,००० प्रतींत निघाली, आणि त्याच वर्षी त्यावर बेतलेली चार खंडांची शालेय पुस्तके वर्गात गेली. इतिहासाचे काम कुठे घसरले ते या दोन आकड्यांतच दिसते. शंभर वाचकांच्या शंका पुऱ्या ऐकायच्या आधीच तीस हजार प्रती बाहेर पडल्या.

पुराव्याच्या अंगाने पाहिले तर हिटाइट भाषा इंडो-युरोपीय आहे हे चेक भाषाशास्त्रज्ञ बेद्रिच ह्रोझ्नी यांनी १९१५ सालीच दाखवले होते. सुमेरी भाषेचे नाते आजवर कुठल्याही ज्ञात भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही. शिवाय सगळेच प्राचीन लोक एका वंशाचे पूर्वज ठरवले की त्याच भूमीवर शतकानुशतके राहिलेल्या आर्मेनियन, ग्रीक, कुर्द लोकांच्या इतिहासाला जागाच उरत नाही. चूक फक्त तपशिलाची नव्हती.

त्या काळाची खूण आजही नावांत सापडते. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी बँकेचे नाव सुमेरबँक, १९३५ ची एतीबँक; ‘एती’ म्हणजे हिटाइट.

पण याच सिद्धांतापायी चांगलेही घडले. इतिहास संस्थेने आलाजा होयुक येथे १९३५ मध्ये उत्खनन सुरू केले आणि ताम्र-कांस्ययुगातली राजघराण्याची थडगी बाहेर आली. अंकाराच्या नव्या विद्याशाखेत लांड्सबर्गर आणि ग्युटरबोक यांच्यासारखे, नाझी जर्मनीतून बाहेर पडावे लागलेले विद्वान सुमेरी-अक्कादी आणि हिटाइट शिकवू लागले. सिद्धांत मोडीत निघाला, पण त्यासाठी उभी केलेली विद्याशाखा टिकली.

पहिल्या इतिहास परिषदेत काय झाले?

तुर्की इतिहास संस्था १५ एप्रिल १९३१ ला स्थापन झाली. तिची पहिली परिषद २ ते ११ जुलै १९३२ दरम्यान अंकारात भरली. श्रोत्यांत मोठा भरणा शाळाशिक्षकांचा. इतिहासपूर्व काळ आणि इतिहासाची पहाट या विषयावर आफेत यांनी निबंध वाचला. तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या, आणि विद्यापीठाची पदवी अजून हातात नव्हती.

झेकी वेलिदी तोगान या मध्य आशियाच्या गाढ्या अभ्यासकाने आक्षेप घेतला : ऐतिहासिक काळात मध्य आशिया तसा कोरडा पडल्याचा पुरावा नाही. त्यांच्यावर व्यासपीठावरून जोरदार हल्ला झाला. ते राजीनामा देऊन व्हिएन्नाला गेले आणि १९३९ मध्येच परतले. आफेत यांच्या गौरवपर लेखांतून हा प्रसंग बहुधा गळतो. तो गाळू नये. ज्या सभेत तेवीस वर्षांच्या मुलीला व्यासपीठ मिळाले, त्याच सभेत खऱ्या तज्ज्ञाला ते सोडावे लागले.

चौसष्ट हजार लोकांची डोकी मोजली म्हणतात. का आणि कशी?

हे त्यांच्या डॉक्टरेटचे काम. जिनिव्हा विद्यापीठात त्यांचे मार्गदर्शक होते स्विस मानववंशशास्त्रज्ञ युजेन पितार. १९३७ साली तुर्कस्तानभर सुमारे ६४,००० स्त्री-पुरुषांची मोजमापे घेतली गेली. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी सरकारी यंत्रणा अशी कामाला लागणे हे जगातही दुर्मीळच. प्रबंध १९३९ मध्ये पुरा झाला, १९४१ मध्ये जिनिव्हात फ्रेंचमध्ये छापला गेला आणि तुर्की आवृत्ती १९४७ मध्ये आली.

मोजायचे काय? उंची, बसलेली उंची, डोक्याची लांबी-रुंदी, चेहरा, नाक. शिवाय डोळ्यांचा व केसांचा रंग. यातला कळीचा आकडा कपालनिर्देशांक. वाकड्या टोकांच्या कॅलिपरने भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून डोक्याच्या मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत लांबी घ्यायची. मग कानांच्या वर, जिथे डोके सर्वांत रुंद तिथे रुंदी. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे. लांबी १८५ मिलिमीटर आणि रुंदी १५४ असेल तर निर्देशांक ८३.२. ढोबळमानाने ७५ च्या खाली दीर्घकपाली, ८० च्या वर पृथुकपाली म्हणजे रुंद डोक्याचे. अनातोलियातले बहुसंख्य लोक पृथुकपाली निघाले तर ते मध्य युरोपातल्या तथाकथित ‘आल्पाइन’ गटाचे, पीतवर्णी नव्हेत, असा युक्तिवाद होता. त्या फ्रेंच पुस्तकातल्या पानाला हे उत्तर होते.

बिघडते कुठे ते पाहा. वरच्याच उदाहरणात मागचा बिंदू चुकून लांबी पाच मिलिमीटर कमी भरली, १८० आली, तर निर्देशांक ८५.६ होतो. एका हाताची चूक सरासरीत जिरते. पण एखाद्या तुकडीला शिकवतानाच बिंदू चुकीचा दाखवला गेला असेल तर त्या तुकडीच्या सगळ्या भागाचा आकडा सरकतो, आणि त्या भागातले लोक वेगळ्या वंशाचे भासू लागतात. दुसरे, तान्ह्या बाळाला पाळण्यात पाठीवर घट्ट बांधून ठेवायची रीत असेल तर डोके मागून चपटे होते आणि निर्देशांक चढतो. म्हणजे मोजला जातो पाळणा, वंश नव्हे. तिसरे आणि मुळावरचे : डोक्याचा आकार परिस्थितीने बदलतो, स्थलांतरितांच्या मुलांची डोकी आई-वडिलांसारखी भरत नाहीत, हे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत १९१२ पर्यंत मोजूनच मांडले होते. म्हणजे ६४,००० काय, साठ लाख डोकी मोजली असती तरी मूळ प्रश्नच चुकलेला राहिला असता.

मराठी वाचकाला इथे इरावती कर्वे आठवणे साहजिक आहे. त्या आफेत यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. बर्लिनमध्ये कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध लिहिला तो मार्गदर्शकाच्या वंशवादी अपेक्षेला दुजोरा न देता, आणि १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्याच वर्षी आफेत यांनी डॉक्टरेट घेतली. दोघींच्या हातात त्याच विद्येची हत्यारे होती. एकीला मनाविरुद्धचा निष्कर्ष मांडता आला, कारण तिच्या निष्कर्षावर कुठले राष्ट्र उभे नव्हते. ही सूट आफेत यांना नव्हती.

ती मोजमापे मात्र पूर्ण टाकाऊ नाहीत. उंची, बांधा यांची १९३० च्या दशकातली एवढी व्यापक नोंद, तीही स्त्रियांसह, आरोग्य आणि पोषणाच्या इतिहासासाठी आजही वापरता येते. त्यातला वंशाचा निष्कर्ष सोडायचा आणि आकडे ठेवायचे.

नागरिकशास्त्राचे ते प्रसिद्ध पुस्तक त्यांचे की अतातुर्कांचे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१९३१ च्या सुमारास ‘वातानदाश इचिन मेदेनी बिल्गिलेर’ (नागरिकांसाठी नागरी ज्ञान) हे शालेय पुस्तक आले. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून ‘आफेत’; आडनावाचा कायदा १९३४ चा, म्हणून नुसते नाव. दुसरा भाग सत्ताधारी पक्षाचे नेते रेजेप पेकेर यांच्या नावावर आहे. राष्ट्र म्हणजे काय, राज्यसंस्था म्हणजे काय, लोकशाही, स्वातंत्र्य, निवडणूक, कर, लष्करी सेवा असे विषय. कल्पनेचा उगम पुन्हा फ्रेंच शाळेतलाच : तिथे शिकलेल्या नागरिकशास्त्राचे पुस्तक आफेत यांनी दाखवले आणि आपल्या मुलांनाही असे हवे असे ठरले.

यातले महत्त्वाचे भाग अतातुर्कांनी स्वतः लिहिले किंवा सांगून लिहवून घेतले होते. हे आपल्याला कसे कळते? आफेत यांनीच सांगितले म्हणून. १९६९ साली इतिहास संस्थेतर्फे त्यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि त्यात अतातुर्कांच्या हस्ताक्षरातल्या पानांच्या प्रतिकृती छापल्या. म्हणजे आपल्या नावावर असलेल्या पुस्तकातला किती भाग आपला नाही, याचा पुरावा त्यांनी स्वतः जगापुढे ठेवला. अतातुर्कांना जाऊन तेव्हा ३१ वर्षे झाली होती आणि ती पाने कपाटातच राहिली असती तर त्यांना कोणीही विचारले नसते.

सुरुवातीला तिसऱ्या आफेतबद्दल म्हटले ते यासाठी. बारीक अक्षर, खोडलेले शब्द, समासात वाढवलेली ओळ, सारे दिसते. राष्ट्राची व्याख्या लिहिताना एक माणूस कुठे थांबला, कोणता शब्द काढून कोणता घातला, हे अशा प्रतिकृतीतून कळते तसे छापील मजकुरातून कधीच कळत नाही.

संदर्भ देताना घ्यायची काळजी एवढीच. शाळेत त्या काळी काय शिकवले गेले असे म्हणायचे असेल तर १९३१ ची आवृत्ती द्या. अतातुर्क काय म्हणाले असे म्हणायचे असेल तर १९६९ च्या आवृत्तीतली हस्ताक्षराची पाने द्या, आणि ते वाक्य खरोखर हस्ताक्षरात आहे का हे प्रतिकृतीवर बोट ठेवून पाहा. छापील आवृत्तीतले कुठलेही वाक्य उचलून खाली त्यांचे नाव लिहिणे ही चूक सर्रास होते.

तुर्की स्त्रियांना मताधिकार त्यांच्यामुळे मिळाला का?

आफेत यांनी सांगितलेली हकीकत अशी. अंकाराच्या संगीत शिक्षक विद्यालयात नागरिकशास्त्र शिकवताना त्यांनी वर्गात नगरपालिकेची लुटुपुटूची निवडणूक घेतली. मुलांनी एका मुलीला निवडून दिले. तेव्हा एका विद्यार्थ्याने हरकत घेतली : कायद्याने स्त्रियांना निवडून येण्याचा हक्कच नाही, मग ही निवड कशी चालेल? त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. आपल्यापुढे बसलेल्या मुलाला जे हक्क आहेत ते शिकवणाऱ्या शिक्षिकेला नाहीत, हे त्यांना झोंबले आणि त्यांनी ते अतातुर्कांपुढे मांडले. इतर देशांत काय आहे याचा अभ्यास कर, असे त्यांना सांगण्यात आले.

३ एप्रिल १९३० ला नगरपालिका कायदा मंजूर होऊन स्त्रियांना स्थानिक निवडणुकीत हक्क मिळाला आणि त्याच दिवशी अंकाराच्या तुर्क ओजाक या राष्ट्रवादी सांस्कृतिक संघटनेच्या सभागृहात या विषयावर आफेत यांचे व्याख्यान झाले. ५ डिसेंबर १९३४ ला संसदेसाठीही हक्क मिळाला आणि १९३५ च्या निवडणुकीत १७ महिला निवडून गेल्या.

मात्र ‘त्यांच्यामुळे’ म्हणणे हा इतर स्त्रियांवर अन्याय होईल. नेझिहे मुहिद्दीन यांनी १९२३ मध्येच स्त्रियांचा पक्ष काढायचा प्रयत्न केला आणि परवानगी नाकारली गेली. मग १९२४ मध्ये तुर्की महिला संघ स्थापन झाला. हा संघ १९३५ साली, आंतरराष्ट्रीय महिला परिषद इस्तंबूलला भरवल्यानंतर लगेच, ‘आता हक्क मिळाले’ म्हणून विसर्जित करण्यात आला. युनेस्कोने १९६२ मध्ये इंग्रजीत काढलेले आफेत यांचे तुर्की स्त्रीच्या मुक्तीवरचे पुस्तक वाचताना नेझिहे मुहिद्दीन हे नाव शेजारी ठेवून वाचावे. हक्क वरून मिळाले, ही त्यांची मांडणी त्यांच्या जागेवरून खरी दिसत होती. रस्त्यावरून पाहणारीला ते तसे दिसले नसते.

पिरी रेईसच्या नकाशाशी त्यांचा काय संबंध?

उस्मानी नौदलातल्या पिरी रेईसने १५१३ मध्ये चर्मपत्रावर काढलेला हा नकाशा १९२९ साली इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. फक्त पश्चिमेकडचा तुकडा उरला आहे. कोलंबसचा नकाशाही आपण आधाराला घेतला, असे पिरी रेईसने त्यावरच लिहून ठेवले आहे, म्हणून त्याला एवढे मोल. आफेत यांनी १९३० च्या दशकात त्यावर लेखन केले आणि १९५४ साली त्यांचे पुस्तक इंग्रजीतही आले.

त्या पुस्तकाच्या नावात तो ‘अमेरिकेचा सर्वांत जुना नकाशा’ ठरला आहे. ते बरोबर नाही. हुआन दे ला कोसाचा नकाशा १५०० चा आहे, आणि ‘अमेरिका’ हे नाव प्रथम लिहिणारा वाल्टझेम्युलरचा नकाशा १५०७ चा. बर्फाखालची अंटार्क्टिका त्यात दिसते वगैरे जे इंटरनेटवर फिरते ते नंतरच्या इतरांचे. आफेत यांच्या माथी ते मारू नये.

त्या ‘पहिल्या तुर्की स्त्री इतिहासकार’ होत्या का?

‘पहिल्या पिढीतल्या’ म्हणावे. फातमा आलिये (१८६२–१९३६) या कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध, पण १९१४ मध्ये त्यांनी आपले वडील, इतिहासकार अहमद जेव्देत पाशा यांच्या काळावर पुस्तक लिहिले. तुर्कस्तानच्या ५० लिरांच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. विद्यापीठीय पदवी, संस्था, परिषद, नियतकालिक या चौकटीत पुढे आलेल्या स्त्रियांत मात्र आफेत अगदी आघाडीच्या.

अतातुर्कांनी मृत्युपत्रात त्यांच्यासाठी काय ठेवले?

५ सप्टेंबर १९३८ च्या मृत्युपत्रानुसार बँकेतल्या भागभांडवलाच्या उत्पन्नातून महिना ८०० लिरा. बहीण मकबुले यांना १,०००, सबिहा ग्योकचेन यांना ६००, सर्वांत लहान मानसकन्या उल्कूला २००. उरलेले उत्पन्न इतिहास संस्था आणि भाषा संस्था यांना निम्मे-निम्मे.

त्यानंतर त्या कुठे दिसेनाशा झाल्या?

कुठेही नाही, त्या शिकवत राहिल्या. १९४० मध्ये डॉ. रिफात इनान यांच्याशी लग्न झाले आणि इनान हे आडनाव आले. १९४२ मध्ये सहयोगी प्राध्यापकपद, १९५० मध्ये प्राध्यापकपद. पाठीशी राष्ट्राध्यक्ष नसतानाची ही वर्षे आहेत, आणि लेखनाचा आवाका याच काळात वाढला (कंसात पुस्तकांची वर्षे) : प्राचीन इजिप्त, वास्तुशिल्पी सिनान, अतातुर्कांच्या आठवणी व कागदपत्रे (१९५९), पहिली औद्योगिक योजना (१९७२), इझमीरची अर्थपरिषद (१९८२). शेवटची दोन कोरडी वाटतात, पण मूळ अहवाल आणि आकडे जसेच्या तसे देतात, म्हणून आर्थिक इतिहासाचे अभ्यासक ती आजही उघडतात.

ग्रंथालयाच्या सूचीत त्यांची पुस्तके सापडत नाहीत. कुठे चुकते?

नावात. एकच व्यक्ती चार रूपांत नोंदलेली असते. १९३४ पूर्वीच्या लेखनावर नुसते ‘आफेत’ किंवा ‘आफेत हानम’. त्यानंतर माहेरचे आडनाव ‘उझमाय’. लग्नानंतर ‘आफेत इनान’, आणि अनेक पुस्तकांवर जोडून ‘आफेतइनान’, आधी ‘आ.’ हे आद्याक्षर. कारण पूर्ण नाव आयशे आफेत. जोडून छापलेले असले की सूचीकार ते ‘आ’ अक्षराखाली ठेवतो, सुटे असले की ‘इ’खाली. म्हणून दोन्हीकडे शोधा.

तुर्की वर्णमालेत टिंब असलेला आणि नसलेला असे दोन वेगळे ‘आय’ आहेत. त्यांच्या आडनावाच्या मोठ्या अक्षरावर टिंब लागते. काही सूचींना ही दोन अक्षरे वेगळी वाटतात. निकाल शून्य आला तर टिंबासह आणि टिंबाशिवाय दोन्ही लिहून पाहा.

सर्वांत मोठा सापळा सारख्या आडनावांचा. ‘आ. इनान’ म्हणजे अब्दुलकादिर इनान असू शकतात. ते बाश्किर वंशाचे तुर्कविद्या-अभ्यासक, शमानपंथावरचे पुस्तक त्यांचे, आणि तेही याच इतिहास संस्थेने छापलेले. जाले इनान (१९१४–२००१) या तुर्कस्तानच्या पहिल्या स्त्री पुरातत्त्वज्ञांपैकी. दक्षिण तुर्कस्तानातल्या पेर्गे आणि सिदे या प्राचीन नगरांची उत्खनने त्यांची. त्यांचे आडनाव पती मुस्तफा इनान यांच्याकडून आलेले आहे, आफेत यांच्याशी नात्याचा संबंध नाही. ‘इनान बाईंनी उत्खनन केले’ असे वाक्य दिसले की आधी कोणत्या इनान ते पाहा.

तुर्की येत नाही. कोणत्या क्रमाने वाचावे?

इंग्रजी येत असेल तर १९६२ चे युनेस्कोचे छोटे पुस्तक आधी. त्यात त्यांचा स्वतःचा सूर कळतो. मग पिरी रेईस. फ्रेंच येत असेल तर १९४१ चा प्रबंध, पण त्यातली कोष्टके आधी आणि निष्कर्ष शेवटी. इतिहास संस्थेचे ‘बेल्लेतेन’ हे नियतकालिक १९३७ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संस्थेच्या संकेतस्थळावर खुले आहेत. त्यांचे लेख यंत्रानुवादाने चाचपता येतात, फक्त ‘मिल्लेत’ (राष्ट्र), ‘देवलेत’, ‘मेदेनी’ (नागरी) या शब्दांपाशी थांबून मूळ शब्द पाहावा, कारण यंत्र दरवेळी वेगळा प्रतिशब्द देते. आणि १९६९ ची आवृत्ती कुठे मिळाली तर तुर्की येत नसले तरी उघडा. हस्ताक्षराची पाने पाहायला भाषा लागत नाही. खोडलेली ओळ कुठल्याही लिपीत ओळखू येते.